विचार करून सांगतो

"आजोबा, तुम्ही फक्त आतल्या खोलीत शांत बसायचं. बाकी आम्ही बघतो," असं दिग्दर्शिकाबाईंनी सकाळी सांगितलं आणि तिथंच त्या फसल्या. बाबांना शांत बसायला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ते सगळे नंतर बराच वेळ बाबांचंच ऐकत बसले होते.

सिनेमा विनोदी होता. ऐंशीच्या दशकात कॉलेजच्या पोरापोरींचे सिनेमे यायचे बघा, पाइपावरून चढणारा हिरो, खिडकीत कॅसेट घेऊन उभी हिरॉइन आणि दारात तापलेला बाप! तीच गंमत आता नव्यानं उभी करायची होती. दिग्दर्शिकाबाईंचा जन्म त्या दशकानंतरचा, त्यामुळे त्यांना त्याचं भारी कौतुक. आणि बाबांच्या घरात तर तेव्हापासून खिळासुद्धा हलला नव्हता. डायलचा फोन, टेपरेकॉर्डर, सोफ्यावरची विणलेली कव्हरं, सगळं जागच्या जागी. "इथे सेट लावायची गरजच नाही!" म्हणत कलादिग्दर्शक सोफ्यावर बसला. बाबांनी त्याला उठवला.

बाबांची सगळी नोकरी कारखान्यात माल तपासण्यात गेली होती. चटकन 'ठीक आहे' म्हणायची जिभेला सवयच नाही. त्यांचे जावई दातांचे डॉक्टर. तरुणपणी त्यांनी रीतसर पुढच्या दारानं येऊन लेकीला मागणी घातली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "विचार करून सांगतो." वाट बघून बघून दोघांनी रजिस्टर लग्न केलं, संसार थाटला, नातवंडं नोकरीला लागली, बाबांचा विचार आपला चालूच! भांडण नव्हतं हो. येणंजाणं होतं, दुखलंखुपलं तर जावईच धावत यायचे. पण दात दाखवायला बाबा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचे, आणि जेवताना जावई समोर बसलेले असले तरी लेकीला सांगायचे, "अजून वाढू का, विचार त्यांना." डॉक्टर हे हसण्यावारी न्यायचे. फक्त एकदाच बायकोला म्हणाले होते, "एकदा 'हो' म्हणाले असते ना गं, बरं वाटलं असतं."

आज दवाखाना बंद ठेवून तेही लेकीबरोबर मदतीला आले होते. रिकामे दिसले म्हणून कोणीतरी त्यांच्या हातात उजेड परतवायचा चंदेरी पत्रा देऊन टाकला.

"ॲक्शन!" हिरो पाइपावर चढला आणि ठरल्याप्रमाणे त्यानं शीळ घातली. ती बाबांच्या कानावर पडली मात्र, आतून "कोण आहे रे तिकडे?" अशी डरकाळी आली आणि पाठोपाठ दुसऱ्या खिडकीतून बादलीभर पाणी. हिरोनं दचकून पाइप सोडला. खाली खुर्चीत सिनेमातला बाप संवाद पाठ करत बसला होता. हिरो थेट त्याच्या मांडीवर आणि खुर्चीसकट दोघं आडवे! केसांचा टोप तेवढा पाइपालाच अडकून राहिला.

"अहो आजोबा, शूटिंग चाललंय!" हिरो खालून ओरडला.

"मग शीळ कशाला घालतोस? बेल आहे ना दाराला!"

सिनेमातला बाप पाय धरून कण्हत होता. सगळ्यांनी डॉक्टरांना पुढे ढकललं. "मी दातांचा आहे," ते पाय चाचपत म्हणाले, "पण हे काही आज उभे राहायचे नाहीत."

दिग्दर्शिकाबाईंनी कपाळाला हात लावला. घर आजच्यापुरतंच मिळालेलं, हिरो उद्यापासून दुसऱ्या सिनेमाला. ऐन वेळी बाप आणायचा कुठून? मग त्यांची नजर हळूच खिडकीकडे वळली.

"आजोबा, ती मघाची डरकाळी पुन्हा येईल?"

"कितीदा पाहिजे?"

आणि काय सांगू, बाबांनी कमाल केली! मेकअप नाही, कपडे घरचेच. त्यांनी नुसतं बघितलं तरी हिरो खराखुरा चळाचळा कापायचा. भराभर सगळे सीन ओके झाले. शेवटचा तेवढा उरला. बाप विरघळतो आणि हिरोला म्हणतो, "पोरगा चांगला आहेस. माझी ना नाही."

"हे मी म्हणणार नाही," बाबा म्हणाले.

"आजोबा, खोटं खोटं तर आहे!"

"तुम्हाला खरं ऐंशी साल हवंय ना? तेव्हाचा बाप असं म्हणत नव्हता."

"मग काय म्हणायचा?"

"विचार करून सांगतो."

लेकीनं ओठ आवळले. डॉक्टर पत्र्यावरची नसलेली धूळ पुसायला लागले. दिग्दर्शिकाबाईंना बिचारीला काय ठाऊक! "बरं, मग पुढे?" त्यांनी विचारलं.

"पुढे काय... सांगायचं राहून गेलं."

"असं कसं राहून जातं हो बाबा?" लेक एकदम बोलून गेली.

बाबांना घाम फुटला. "अगं, वेळच निघून गेली. लग्न झालं, मुलं झाली, माणूस चांगला निघाला. मग उगाच कसं म्हणायचं? जेवता जेवता? लाजच वाटायला लागली मला."

दिग्दर्शिकाबाई वयानं लहान, पण हुशार. त्यांनी एकदा डॉक्टरांकडे बघितलं, एकदा लेकीकडे, आणि कॅमेरामनला खूण केली. "आजोबा, आता वेळ आहे. म्हणून टाका."

कॅमेरा चालू झाला. बाबांनी घसा साफ केला आणि हिरोच्या खांद्यावरून पलीकडे बघत ते म्हणाले, "पोरगा चांगला आहेस. माझी... माझी ना नाही."

भिंतीवरचा उजेड थरथरत छतावर गेला.

"कट! आजोबा, नजर हिरोकडे. आणि तो पत्रा कोण हलवतंय?"

"सॉरी," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

दुसऱ्यांदाही नजर तिकडेच गेली, उजेडही छतावर गेला. तिसऱ्यांदा मात्र सगळं जमून आलं. "ओके!" टाळ्या पडल्या, सामान आवरायला सुरुवात झाली.

"एक मिनिट," डॉक्टर पुढे आले. "अजून एकदा घ्या ना."

"का? मस्त झालाय की."

"नाही, मला नीट ऐकू आलं नाही."

बाबांनी डोळे वटारले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते थेट जावयाशी बोलले. "एवढ्या जवळ उभे आहात आणि ऐकू येत नाही? कान दाखवून घ्या कुणाला तरी!"

मग त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, हिरोला हातानं बाजूला सारलं आणि कॅमेरामनला म्हणाले, "चालू करा."