येथे गोल मोजू नयेत

"मग? किती किती झाले?" निधीने गाडीत बसून पट्टा लावताच उल्हासने विचारलं.

"काय किती?"

"गोल गं. कोण जिंकलं?"

"नोबडी, बाबा. वी हॅड फन."

सात वर्षांच्या मुलीचं हे उत्तर ऐकून उल्हास दाभोळे गाडीची किल्ली फिरवता फिरवता थांबला. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात, मोटारीच्या सीटखालचे रूळ बनवणाऱ्या एका कंपनीत तो क्वालिटी इंजिनिअर होता. दहा लाख रुळांमागे किती वाकडे निघाले हे तो झोपेतून उठवून विचारलं तरी सांगे. आणि गाडीचं ऑइल बदलून परत येईपर्यंत पोटची पोर तासभर मैदानावर धावली, ती जिंकून आली की हरून, हे त्याला कळायची सोय नव्हती.

"स्कोअर ठेवतच नाहीत त्या लीगमध्ये," त्याच्या बायकोने, रत्नाने, घरी खुलासा केला. "आठ वर्षांखालच्या मुलांना नाही. पत्रकात लिहिलंय. मुलांच्या मनावर परिणाम होतो म्हणे."

"आपल्याला पहिलीपासून तिमाही, सहामाही, वार्षिक. वर्गात कितवा ते दारावर लावायचे. आपल्या मनावर काय परिणाम झाला?"

"बघतेय ना मी," रत्ना म्हणाली. "दहा वर्षं झाली बघतेय."

उल्हासने पत्रक तीनदा वाचलं. गोल मोजू नयेत, निकाल जाहीर करू नये, एवढंच त्यात होतं. बाकीच्या गोष्टींबद्दल पत्रक गप्प होतं. ज्या गोष्टीबद्दल नियम गप्प असतो ती करायला परवानगी असते, या समजावर उल्हासची सतरा वर्षांची नोकरी उभी होती.

त्याने गावच्या लायब्ररीतून सामन्यांच्या विश्लेषणावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. अमेरिकेत ज्याला सॉकर म्हणतात आणि उरलेलं जग फुटबॉल म्हणतं, तो खेळ उल्हास शाळेत असताना कंपासपेटीच्या झाकणाने खेळला होता, त्यापलीकडे त्याचा संबंध नव्हता. पण पुस्तकाची भाषा त्याला पाहताक्षणी आवडली. चेंडू किती वेळ आपल्या ताब्यात होता, ते पझेशन. दिलेल्या पासांपैकी किती आपल्याच माणसाला पोचले, ते पास कम्प्लीशन. गोल करणाऱ्याला चेंडू आणून देतो, त्याचं असिस्ट. दुसऱ्याचा पास मध्येच पळवला तर इंटरसेप्शन. खेळ न बघता खेळावर अधिकाराने बोलायची इतकी चोख सोय त्याने अजून कुठे पाहिली नव्हती.

पुढच्या शनिवारी तो घडीची खुर्ची, क्लिपबोर्ड आणि तीन पेन्सिली घेऊन मैदानाच्या कडेला बसला. निधीच्या टीमचं नाव 'पर्पल डॉल्फिन्स'. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी दोन्ही टीमची बारा मुलं चेंडूला लागली होती. त्या घोळक्यातून कोणाचा पाय केव्हा लागला हे टिपणं सोपं नव्हतं, पण उल्हासने टिपलं. गोलांचा रकाना मात्र त्याने ठेवला नाही. नियम म्हणजे नियम.

"काय लिहून राहिला बे?" शेजारच्या खुर्चीवरून शंतनू वाकला. शंतनू मूळचा नागपूरचा. त्याचा मिहीर याच टीममध्ये होता. "आमच्या मिहीरचं काय निघालं?"

"स्पर्श एकतीस. पास नऊ."

"वा! नऊ?"

"चार विरुद्ध टीमला, दोन बाहेर, एक रेफरीला, एक त्या सरबताच्या पिंपाला. कम्प्लीशन अकरा टक्के."

शंतनूचा चेहरा पडला. "आणि त्या टायलरचं?"

"तेवीस."

"तेवीस?" शंतनू खुर्चीत सावरून बसला. "दे राजा, मले एक कॉपी दे."

तेवढ्यात टीमच्या कोच डेब तिथे आल्या. एरवी त्या एका दातांच्या दवाखान्यात काम करत आणि शनिवारी मुलांनी काहीही केलं तरी 'ऑसम!' म्हणत. उल्हासच्या हातातला क्लिपबोर्ड पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"तुम्ही व्हॉलंटियर करताय!" त्या म्हणाल्या. "किती छान!"

उल्हासला खुलासा करायचा होता, पण अमेरिकेत हातात पेन धरून उभा राहिलेला माणूस व्हॉलंटियर होतो आणि मग त्याची सुटका नसते. कागदावर काय आहे ते न वाचताच डेबबाईंनी जाहीर केलं की मिस्टर दाभोळे मुलांसाठी काहीतरी फार गोड करताहेत आणि ते सर्व पालकांना मिळेल. सोमवारी ते सर्वांना मिळालं. रंगीत, आलेखांसह, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमवार.

आतापर्यंत हे अमेरिकन पालक कॉफी पीत, उन्हाकडे तोंड करून बसत आणि समोर आपली मुलं कोणत्या बाजूला पळताहेत याची चौकशी करत नसत. तिसऱ्या शनिवारी सगळे लवकर आले. टायलरचे वडील वकील होते. ते तक्ता घेऊन थेट उल्हाससमोर उभे राहिले.

"चौदाव्या मिनिटाचा पास तुम्ही अपूर्ण धरलाय. माझ्या मुलाचा पास पूर्ण होता. घेणारा अपूर्ण होता."

"घेणारा बुटाची नाडी बांधत होता," उल्हास म्हणाला.

"त्याची जबाबदारी देणाऱ्यावर कशी येते?"

मुद्दा बिनतोड होता. उल्हासने घरी जाऊन तक्रारीचा अर्ज तयार केला. त्यात मुलाचं नाव, घटनेचं मिनिट आणि साक्षीदार असे रकाने होते. पहिल्याच आठवड्यात एकोणीस अर्ज आले, त्यांतले आठ एकट्या शंतनूचे. कोणी आजीला पाठवायला जादा प्रत मागितली, कोणी फ्रिजवर लावायला मोठ्या अक्षरांतली. गाडीत बसवताना पालक मुलांच्या कानात सांगू लागले, "लक्षात ठेव, पूर्ण झालेल्या दर पाच पासांना एक आइस्क्रीम."

मुलं काही मूर्ख नसतात. चौथ्या शनिवारी शिट्टी वाजली, आणि टायलरने चेंडू हातभर अंतरावर उभ्या असलेल्या मिहीरला दिला. मिहीरने तो टायलरला परत दिला. पाच पास झाल्यावर टायलर बाजूला झाला आणि त्याच्या जागी एमा आली, कारण तिच्यामागे रांग लागली होती. विरुद्ध टीमने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांतली दोघं गवतात बसली, आणि एक जण चौकशी करून डॉल्फिन्सच्या रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला.

सामना संपला तेव्हा पझेशन सत्त्याण्णव टक्के होतं, पास कम्प्लीशन अठ्ठ्याण्णव. असे आकडे त्या जाडजूड पुस्तकातल्या एकाही संघाचे नव्हते. शॉट्स ऑन टार्गेट, म्हणजे गोलाच्या दिशेने मारलेले चेंडू, शून्य. पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि डेबबाई पहिल्यांदाच 'ऑसम' न म्हणता नुसत्या उभ्या होत्या.

उल्हासला मात्र या यशाचा आनंद होत नव्हता, आणि त्याचं कारण तक्त्याच्या शेवटच्या ओळीत होतं. त्या ओळीत दर आठवड्याला एकच नाव असे. निधी दाभोळे: स्पर्श दोन, पास शून्य, इंटरसेप्शन शून्य. ती रांगेतसुद्धा उभी राहिली नव्हती. स्वतः केलेल्या तक्त्यात स्वतःची मुलगी तळाला, आणि आकडा बदलायचा तर हात उचलत नव्हता.

मग त्याने तेच केलं जे आकड्यांत सापडलेला प्रत्येक माणूस शेवटी करतो. निधी जिच्यात पहिली येईल अशी मोजणी तो शोधू लागला. पुस्तकाच्या अकराव्या प्रकरणात ती सापडली. ऑफ द बॉल मूव्हमेंट, म्हणजे चेंडू नसताना केलेली हालचाल. पाचव्या शनिवारी स्टॉपवॉच घेऊन तो फक्त निधीच्या मागे राहिला, आणि घरी येऊन त्याने नवा रकाना टाकला: 'मोकळ्या जागेची निर्मिती'. त्यात निधी पहिली आली. दुसऱ्या क्रमांकाच्या चौपट गुण.

"म्हणजे जिथं कोणीच नाही तिथं ती उभी राहते, असंच न?" शंतनूने फोनवर विचारलं.

"ती बचावाला खेचून दूर नेते."

"बचाव तिच्याकडे बघत तरी होता का बे?"

उल्हासने फोन ठेवला, तर मागे निधी उभी. तिच्या हातात तक्ता होता.

"इज धिस बिकॉज आय ॲम बॅड?"

"नाही गं सोन्या! बघ, तू पहिली आहेस."

"टायलर म्हणाला, युअर डॅड मेड अप अ कॉलम फॉर यू." तिने कागद टेबलावर पालथा ठेवला. "बाबा, मला काउंट करू नकोस. नाहीतर तू येऊच नकोस."

ती रडली असती तर उल्हासला काहीतरी करता आलं असतं. ती शांतपणे दूध प्यायला निघून गेली.

रत्नाने त्या दिवशीच्या टपालातलं एक पाकीट त्याच्यापुढे सरकवलं. लीगचे संचालक मिस्टर लिंडस्ट्रॉम यांनी मंगळवारी संध्याकाळी भेटायला बोलावलं होतं. विषय: पर्पल डॉल्फिन्स संघाचं लीगमधलं भवितव्य.

"संघ काढून टाकला तर?" उल्हास म्हणाला. "ती म्हणेल, बाबामुळे खेळ गेला."

"खरंच असेल ते. जा आणि माफी माग. आणि हे बघ, ग्राफ दाखवू नकोस."

लिंडस्ट्रॉम हे शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक होते. उल्हास टाय लावून त्यांच्यासमोर बसला आणि त्याने एका दमात माफी मागितली. ग्राफ नेला नव्हता, हातांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

"मिस्टर दाभोळे," लिंडस्ट्रॉम म्हणाले, "तुमचा तक्ता आमच्या चोवीसपैकी बावीस संघांत पोचलाय. एका वडिलांनी तिपाईवर कॅमेरा लावला. एका मैदानावर दोन आज्या असिस्टच्या व्याख्येवरून भांडल्या. चेंडू कुठेच पुढे जात नाही."

"तुम्ही सांगाल ते करतो. फक्त मुलीला खेळू द्या."

"मुलीला कोण काढतंय? मला एक माणूस हवाय. गुपचूप मोजणारा पालक नजरेने ओळखेल असा." त्यांनी कपाटातून एक भडक पिवळं जाकीट काढलं. "तुमच्याहून लायक माझ्या पाहण्यात नाही."

जाकिटाबरोबर सही करायला एक कागदही होता. 'मी कोणत्याही सामन्याचा निकाल मोजणार नाही, लिहिणार नाही आणि कोणाला विचारणार नाही.' उल्हासने सही केली.

सहाव्या शनिवारी लीगने पालकांसाठी मौनाचा दिवस ठेवला होता. तोंड बंद राहावं म्हणून डेबबाई प्रत्येकाला काडीवरची गोळी वाटत होत्या. पिवळं जाकीट घालून उल्हास चार मैदानांमधून फिरू लागला, आणि लिंडस्ट्रॉमसाहेबांची निवड किती अचूक होती ते अर्ध्या तासात दिसलं. टायलरचे वडील डाव्या खिशातले खडे एकेक करून उजव्या खिशात टाकत होते. एक आजी गोल झाला की विणकामात लाल टाका घालत होत्या. शंतनू डोळे मिटून बसला होता आणि त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.

"शंतनू, मूठ उघड."

"जप करून राहिलो, यार."

"कोणाचा?"

शंतनूने गोळी तोंडात घातली.

तिथून फिरत फिरत उल्हास पार दुसऱ्या टोकाच्या मैदानावर गेला. मागे निधीच्या मैदानावरून एकदा मोठा गलका ऐकू आला. उल्हास तिकडे वळलाही, पण तेवढ्यात एका टोपीखाली त्याला पेन्सिल दिसली आणि कर्तव्य आडवं आलं. तो पोचला तेव्हा सामना संपून मुलं संत्र्याच्या फोडी खात होती.

गाडीत बसली तेव्हा निधीचे गाल लाल झाले होते. तिच्याने राहवत नव्हतं.

"बाबा, यू नो व्हॉट हॅपन्ड? लास्ट मिनिटला..."

उल्हासने हात वर केला. "नको सांगू. मी सही केलीय."

पहिला सिग्नल गेला. दुसरा गेला. आरशात तिचं तोंड दिसत होतं, गच्च मिटलेलं. तिसऱ्या सिग्नलच्या अलीकडे एक डोनटचं दुकान होतं. उल्हासने गाडी त्याच्या पार्किंगमध्ये घातली, बाहेर उतरून जाकीट काढलं, उलटं करून घडी घातली, डिकीत ठेवून डिकी बंद केली, आणि परत येऊन मागे निधीच्या शेजारी बसला.

"आता सांग."

"सगळं?"

"सगळं."

"आजचं, की फर्स्ट गेमपासून?"

उल्हास तिच्याकडे वळला. "तुम्ही मोजता?"

"ऑफकोर्स मोजतो. सगळ्या टीम्स मोजतात. मी लांब उभी राहते ना, मला नीट दिसतं, म्हणून आमची काउंटर मी. इतकी मुलं बॉलवर असतात, कोणीतरी बघायला नको?" ती जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पण कोच डेबनी सांगितलंय, पेरेंट्सना कळू द्यायचं नाही. दे कान्ट हँडल इट."

"मग मला कसं सांगतेस?"

तिने मागच्या काचेतून बंद डिकीकडे एकदा पाहून घेतलं.

"तू सांगशील कोणाला?"

"नाही."

"लिहिशील?"

"नाही गं."

"ओके," निधी म्हणाली, आणि तिने मांडी घातली. "फर्स्ट गेम. आपण फाइव्ह-टू हरलो. त्यात थर्ड गोल मिहीरने केला, पण आपल्याच गोलमध्ये. शंतनूकाकांना सांगू नकोस."

उल्हासने दोन्ही हातांच्या मुठी घट्ट मिटून मांडीखाली दाबल्या, आणि तो ऐकू लागला.