खल बर्मिंगहॅमला, बत्ता रॉटरडॅमला

आमच्या शेजारच्या चीफनी आजवर एकही पार्सल धड पाठवलेलं नाही. म्हणजे पत्ता चुकत नाही, खोकं फुटत नाही, आणि दोरीची गाठ तर अशी की सोडवायला सुरीच लागावी. घोळ असतो तो आतल्या सामानात. त्यांची मुलगी मनाली बर्मिंगहॅमला आणि मुलगा निनाद रॉटरडॅमला. निनादला खलबत्ता हवा होता, तर खल गेला बर्मिंगहॅमला आणि बत्ता रॉटरडॅमला. कुकर मुलाकडे, शिट्टी मुलीकडे. एका थंडीत दोघांना हातमोजे पाठवले. मनालीला दोन्ही डावे, निनादला दोन्ही उजवे!

माझी लेक इथल्या शाळेतल्या सिंगापुरी बोलीत म्हणते, "आजोबा सो ब्लर, लाह!" ब्लर म्हणजे आपला वेंधळा. मी तिच्यावर डोळे वटारते, पण खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं.

चीफ म्हणजे गजानन पेडणेकर. मूळचे मालवणचे. सारी हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि पासिर रिसमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नांगर टाकला. 'थांब' हा शब्द त्यांना येत नाही, ते 'स्टँडबाय' म्हणतात. चहा उकळला की 'प्रेशर आलं'. शनिवारी लोक पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला जातात, हे जातात तिथे नेणाऱ्या बमबोटीचं, म्हणजे छोट्या लाकडी होडीचं, इंजिन ऐकायला. एकदा बोटवाल्या चिनी आजोबांना म्हणाले, "तुझा दुसरा सिलिंडर खोकतोय." त्या आजोबांना शब्द कळले नाहीत, पण चीफ असे काही खोकून दाखवत होते की त्यांनी घाबरून पाण्याची बाटली पुढे केली.

असा हा माणूस. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा. आणि त्याला खल आणि बत्ता एका खोक्यात घालता येऊ नये?

मनाली आणि निनाद एकमेकांशी बोलत नव्हते, हे मात्र मला ठाऊक होतं. चीफची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्या तेव्हा दोघं इथे आली होती. तेराव्यापर्यंत सगळं ठीक होतं. चौदाव्या दिवशी बाबांनी आता कुणाकडे राहायचं यावरून जुंपली. ती म्हणाली माझ्याकडे, तो म्हणाला माझ्याकडे, आणि बोलता बोलता लहानपणापासूनची उणीदुणी निघाली. आमच्या दारापर्यंत ऐकू येत होतं. दोघं वेगवेगळ्या टॅक्सीनं विमानतळावर गेली. चीफ कुणाकडेच गेले नाहीत. एकाकडे गेलो तर दुसरं कायमचं तुटेल, एवढंच म्हणाले. भांडण त्यांच्यावरून झालं, ही सल मनातून जात नव्हती.

बरं, चुकलेल्या पार्सलांचं पूर्वी फारसं काही बिघडायचं नाही. चीफ फोन करायचे, "अगं मनाली, निनादचा बत्ता... आपलं, खल तुझ्याकडे आला वाटतं. दे ना पाठवून." ती करवादायची, पण पाठवायची. इंग्लंडमधून हॉलंडला पार्सल म्हणजे आपलं नाशिकहून पुण्याला पाठवल्यासारखं. ना कर, ना विचारणा. मग निनादचा तिला एका शब्दाचा मेसेज जायचा, 'मिळाला.' कधी कधी दोन शब्दांचा.

मग आलं ते ब्रेक्झिट. भाऊबंदकी होऊन मधे कुंपण पडावं, तसं झालं. आता बर्मिंगहॅमहून रॉटरडॅमला साधी शिट्टी पाठवायची तरी आत काय आहे, किंमत किती, भेट आहे की विक्री, वस्तू बनली कुठल्या देशात, सगळं लिहून द्या. त्यात वस्तू इंग्लंडची असेल तर सवलत, आणि भारतातली असेल तर ती इंग्लंडातून गेली म्हणून काही इंग्लिश होत नाही! लहानसहान भेटीला माफी आहे, पण किंमत वर गेली की कर, आणि वर कुरियरवाल्याची हमाली. निनादला कुकरच्या शिट्टीपायी कस्टम्सच्या नोटिशीला उत्तर द्यावं लागलं. दोघांनीही बाबांना वेगवेगळे फोन करून एकच सुनावलं, "एकतर नीट पाठवा, नाहीतर पाठवूच नका."

चीफनी धसका घेतला. रोज इंग्लंडची वर्तमानपत्रं उघडून बसू लागले. "यांना म्हणे त्यांच्या दर्यातली मासळी परत हवी होती," चीफ तणतणायचे, "घ्या ना मेल्यांनो बांगडे! माझी शिट्टी कशाला अडवता?"

दिवाळीच्या आधी मीच पदर खोचून गेले. पाया लेबारच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या चुका निस्तरते, ही एक आणखी. म्हटलं, चीफ, यंदा पॅकिंग माझ्यासमोर. टेबलावर काकूंचा पितळी सोऱ्या होता, लखलखीत घासलेला. चीफनी तो बर्मिंगहॅमच्या खोक्यात ठेवला आणि त्याच्या चकत्या शांतपणे काढून रॉटरडॅमच्या खोक्यात सरकवल्या.

"अहो चीफ, चकत्या तिकडे गेल्या!"

"गेल्या नाहीत. पाठवल्या."

मी चकत्या परत काढायला हात पुढे केला, तर त्यांनी खोकं बाजूला ओढलं.

"दोन जनरेटर आहेत गं माझे," ते दोरी आवळत म्हणाले. "दोन्ही चालू, पण एकमेकांना जोडलेले नाहीत. पोरांना म्हटलं बोला, तर बोलत नाहीत. मग मी काय करणार? मी कारण पाठवतो."

मला मेलीला इतक्या वर्षांत हे कळलं नव्हतं! वेंधळा म्हणत होते मी या माणसाला. मी उगाच सेलोटेप शोधू लागले.

आता पुढचं ऐका. चकत्या निनादकडे गेल्यात म्हटल्यावर मनालीनं सोऱ्याही त्याच्याकडे पाठवायचं ठरवलं आणि फॉर्म भरताना बाबांना विचारलं, इंग्रजीत काय लिहू? चीफमधला इंजिनियर जागा झाला. म्हणाले, "लिही, हँड ऑपरेटेड एक्स्ट्रूडर, ब्रास." आणि किंमत? "तुझ्या आईचा आहे तो. कमी लिहू नकोस." मनालीनं निमूट लिहिलं. झालं! एक्स्ट्रूडर तर कारखान्यात असतात. रॉटरडॅमला कस्टम्सवाल्यांना वाटलं, कुणीतरी भारतीय यंत्रसामग्री इंग्लंडमार्गे हॉलंडात आणतंय. पार्सल अडकलं. निनादकडे विचारणा आली की ही यंत्रं आपण विक्रीसाठी मागवता का, आणि पाठवणाऱ्याशी आपलं नातं काय.

"संपलं," चीफ मला म्हणाले. चेहरा एवढासा झाला होता. "तो आता सोडून देणार पार्सल. आणि तिच्यावर डाफरणार. मीच घालवलं सगळं."

दोन दिवस ते जेवले की नाही कोण जाणे. मी नेलेली आमटी तशीच होती.

तिसऱ्या दिवशी मनालीचा फोन आला. मी तिथेच होते, चीफनी स्पीकर लावला. "बाबा, निनादनं फोन केला होता. मेसेज नाही, फोन! पहिल्यांदा ओरडलाच, ताई, तू आईच्या सोऱ्याला एक्स्ट्रूडर का लिहिलंस? मी म्हटलं, बाबांनी सांगितलं. तर तो म्हणाला, नातं काय लिहू? मी म्हटलं, काय लिहायचं ते लिही. मग म्हणाला, ताई, चकत्या माझ्याकडे आहेत, आल्या तेव्हा मी त्यांना हसलो होतो, पण फेकल्या नाहीत हां." तिचा आवाज फुटला. "बाबा, तो रडत होता."

चीफनी फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन वाळत घातलेले कपडे उगाच उलटसुलट करत राहिले.

पार्सल सुटलं. निनादनं कर भरला आणि एका शब्दानं कुरकुर केली नाही. दिवाळीला मनाली त्याच्याकडे जाणार असं ठरलं, आणि दोघांनी मिळून बाबांना बजावलं की आता पार्सलं बंद, लागेल ते आम्ही एकमेकांना हातानं नेऊन देऊ.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मी चकल्या द्यायला गेले. चीफ टेबलाशी फोन घेऊन बसले होते. रविवारी सकाळी इथून मुलांना फोन केला तर तिकडे मध्यरात्र, म्हणून ते संध्याकाळपर्यंत कळ काढतात.

"मनाली दुसऱ्या कॉलवर आहे म्हणतंय," ते म्हणाले. मग निनादला लावला. तोही दुसऱ्या कॉलवर.

आमची नजरानजर झाली. चीफ असे हसले, असे हसले की खुर्चीसकट हलायला लागले.

"पाच मिनिटांनी परत लावा," मी म्हटलं.

"छे छे. बोलू देत त्यांना."

फोन त्यांनी टेबलावर ठेवला. थोड्या वेळानं उचलून पाहिला, पुन्हा ठेवला. आता बांधायला खोकं नव्हतं, आणि रविवारची अख्खी संध्याकाळ समोर पडली होती.

"तुला घाई आहे का गं?" त्यांनी विचारलं.

घरी नवरा आणि लेक जेवायला खोळंबली होती. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "मला कसली आलीय घाई? टाका चहा."