साठा पुरेसा आहे

शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या एका टाउनहाउसच्या गॅरेजमध्ये तूरडाळीची पोती आढळली. गाडी बाहेर होती, तिच्यावर रात्रीचा बर्फ साचला होता, आणि पोत्यांशेजारी शंकरराव वाहुळे कानटोपी घालून उभे होते.

"बाबा, हे काय?" बुद्धभूषणने विचारलं. त्याच्या हातात बर्फ खरवडायची पट्टी होती.

"साठा."

"कशाचा?"

"तुरीचा. मसूर उद्या येईल, दुकानवाले देवभाई म्हणालेत. त्यांच्याच व्हॅनने पाठवतो म्हणाले."

"आपण घरात माणसं तीन. त्यातली उपासना डाएटवर."

"आपल्याला नाही. मीराला पाठवायची आहे. एकोणतीस तारखेला ते बाहेर पडतायत."

ते म्हणजे ब्रिटन. साल दोन हजार एकोणीस, महिना मार्च. युरोपियन युनियन सोडायला ब्रिटनला तीन आठवडे उरले होते आणि शंकररावांची धाकटी मुलगी मीरा लेस्टरला राहत होती. तिथल्या एका हॉस्पिटलच्या औषधविभागात ती कामाला होती. हिवाळ्यासाठी मुलाकडे आलेले शंकरराव दिवसभर बातम्यांचं चॅनेल लावून बसत. बंदरांवर ट्रक अडकतील, भाजीपाला सडेल, किमती चढतील, औषधं कमी पडतील, असं कोणी ना कोणी रोज सांगत होतं. त्याच्या पाठोपाठ टाय लावलेला एक अधिकारी येऊन, काळजीचं कारण नाही, साठा पुरेसा आहे, असं सांगायचा. शंकरराव पहिल्याला घाबरले नाहीत. दुसऱ्याला घाबरले.

"तो म्हणाला ना बाबा, पुरेसा आहे म्हणून," बुद्धभूषण म्हणाला.

"अरे, अंबडच्या तहसील कचेरीत मी जन्मभर पुरवठा निरीक्षक होतो. हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलंय. गोडाऊनमध्ये उंदीर उपाशी मरायला लागले की आम्ही म्हणायचो."

बुद्धभूषणने मग त्यांना युनियन म्हणजे काय ते समजावून द्यायचा प्रयत्न केला.

"बरेच देश एकत्र आले. एकमेकांच्या मालावर टॅक्स नाही, ये-जा फ्री."

"म्हणजे धान्य स्वस्त मिळायचं."

"तसंच काही नाही, पण हो."

"मग सोडतात कशाला?"

"व्होटिंग झालं बाबा."

"एकत्र कुटुंबातून बाहेर पडणारा भाऊसुद्धा आधी चार दिवस वेगळी चूल मांडून बघतो. निदान तवा तरी आपला घेतो," शंकरराव म्हणाले आणि पोत्यांखाली फळी सरकवली. धान्य कधीही थेट जमिनीवर ठेवत नाहीत.

मीराचा फोन दुपारी आला.

"बाबा, जय भीम. दादा म्हणाला तुम्ही डाळ घेतलीत. अहो, लेस्टरला इंडियन दुकानंच दुकानं आहेत. इथे डाळ संपली तर समजा जालन्यातही संपली."

"आणि औषधं?"

 मीराला खोटं बोलता येत नसे. "औषधांचं थोडं टेन्शन आहे. आम्ही एक्स्ट्रा स्टॉक करतोय."

"तुम्ही साठा करताय, आणि मला नको म्हणतेस."

"बाबा, ते हॉस्पिटल आहे."

"पोट सगळीकडे पोटच असतं," असं म्हणून त्यांनी फोन उपासनाकडे दिला.

यामागे बहात्तर साल होतं. त्या दुष्काळात शंकरराव चौदा वर्षांचे होते. त्यांची आई नाल्याच्या बांधावर खडी फोडायला जायची. कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा आणि गुळाचा तो भुगा, ती स्वतः अर्धीच खायची आणि अर्धी पदराच्या गाठीत बांधून आणायची. संध्याकाळी गाठ सुटली की घरभर वास पसरायचा. रेशनवर तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिच्या भाकरीला चव नव्हती, पण ती होती. मिलोबद्दल शंकरराव आजही नाक मुरडत. सुकडीबद्दल बोलायला लागले की मात्र थांबत नसत. मीरा लहानपणी चिडवायची, "बाबा, दुष्काळ होता की पार्टी?"

"अमेरिकेनं तेव्हा आपल्याला पाठवलं," त्या रात्री जेवताना ते सुनेला म्हणाले. "आता आपण अमेरिकेतून विलायतेला पाठवू. फक्त न्यायला माणूस पाहिजे."

उपासनाने सासऱ्यांकडे बघितलं. वीस एप्रिलला ते परत जाणार होते. थांबा म्हटलं तर, शेताचं बियाणं बघायचंय, म्हणत होते. जायच्या आधी त्यांच्या मनासारखं एक तरी होऊ दे, म्हणून तिने तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला: कोणी लंडनला जातंय का? थोडंसं सामान आहे.

परदेशातल्या मराठी माणसाच्या 'थोडंसं'चं वजन आजवर कोणी ठरवलेलं नाही. ऋषी देवधर हा पुण्याचा, एकटा राहणारा, विमा कंपनीच्या आयटीत काम करणारा मुलगा होता. तो रविवारी, चोवीस तारखेला, ऑफिसच्या कामाने लंडनला निघणार होता. त्याने लगेच कळवलं, दोन किलो नेईन. या उत्तराखाली ग्रुपमधल्याच वीणा काकूंनी लिहिलं, आमच्या आश्लेषासाठी मेतकूट पण ने रे, ती लंडनजवळ स्लाउला असते, बिचारी. 'बिचारी' वाचून इतरांना आपापली लंडनची माणसं आठवली.

दुसऱ्या दिवशी ऋषी सामान बघायला आला, तेव्हा गॅरेजमध्ये मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, कुणाच्या तरी मेहुण्याची मधुमेहाची चप्पल आणि एक प्रेशर कुकर होता.

"काका, कुकर?"

"युरोपातून येतात म्हणे कुकर तिकडे. मी विचारलं नाही. माल आला, उतरवून घेतला."

"यार, मला एक बॅग अलाउड आहे. त्यात माझे कपडे पण न्यायचेत."

"किती दिवस जातोस?"

"पाच."

"मग कपडे कशाला?" शंकररावांनी मनापासून विचारलं.

अखेर ऋषी अर्धी बॅग द्यायला तयार झाला आणि रिकामी बॅग त्यांच्याकडेच ठेवून गेला. त्या अर्ध्या बॅगेत काय जाणार, हे शंकरराव ठरवणार होते. त्यांनी मीराच्या डाळीचा एक पुडा सर्वांत खाली ठेवला आणि उरलेल्या जागेसाठी गरजूंचे दोन वर्ग पाडले: लहान मुलं असलेली घरं आणि नसलेली घरं. आश्लेषा दुसऱ्या वर्गात गेली. वीणा काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्या देवभाईंच्या दुकानात तूरडाळ घ्यायला गेल्या. कप्पा रिकामा होता.

"देवभाई, डाळ?"

"खतम. अंकल ले गये. लंडन के लिए."

काकूंनी रिकाम्या कप्प्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: तूरडाळ संपली. ब्रेक्झिट.

या तीन शब्दांचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला. कोणाला वाटलं, ब्रिटनने सगळी डाळ उचलली. कोणी म्हणालं, जहाजं अडकली. संध्याकाळपर्यंत लोक एडिसनच्या इंडियन दुकानांपर्यंत ड्राइव्ह करून आले आणि मिळेल ती डाळ, मग मिळेल तो तांदूळ घेऊन परतले. देवभाईंनी काउंटरवर कागद चिकटवला की एका कुटुंबाला एकच पुडा मिळेल. त्याचाही फोटो ग्रुपवर आला. कागद लागल्यावर, ज्यांना डाळ नको होती तेही रांगेत उभे राहिले. ब्रिटन अजून युनियनमध्येच होतं. टंचाई पार्सिपनीत आली होती.

गुरुवारी संध्याकाळी वाहुळ्यांची बेल वाजली. दारात वीणा काकू होत्या. हातात स्टीलचा डबा होता.

"शंकरराव, तुमच्याकडे तूर आहे असं ऐकलं."

"आहे. पण ती मीरासाठी राखीव आहे."

"आमटीपुरती. ह्यांना संध्याकाळी आमटी नसली की ते इंडियाला परत जायचं बोलायला लागतात."

शंकररावांनी डबा हातात घेऊन आतून बोट फिरवून बघितलं. मग त्यांनी गॅरेजचं मोठं दार वर उचललं. काकूंच्या मागे आणखी चार जण उभे होते, सगळ्यांकडे डबे. बर्फाच्या कडेकडेने त्यांची आपोआप रांग झाली होती.

पुढचा तासभर जे चाललं होतं, ते बुद्धभूषणने स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. एक फोल्डिंग टेबल, त्यावर उपासनाचा मापाचा कप, कपावर सपाट फिरवायला तिचीच पट्टी. "पुढे सरका. डबा कोरडा आहे का? ओल्या डब्यात देता येत नाही." कानटोपी काढून ठेवली होती. वडील इतके ताठ उभे राहिलेले त्याने रिटायरमेंटनंतर पाहिले नव्हते.

"बाबांना थंडी वाजत नाही का?" उपासनाने हळूच विचारलं.

"आत्ता ते न्यू जर्सीत नाहीयेत," तो म्हणाला.

वाटप रोज सुरू राहिलं. पोती खाली बसत गेली. शंकरराव रात्री ऋषीच्या बॅगेतला मीराचा पुडा मात्र हात लावून बघत. तो पोचला की बाकीच्याचं त्यांना काही नव्हतं.

मंगळवारी ऋषीचा फोन आला.

"काका, सॉरी. ट्रिप कॅन्सल केली ऑफिसने. तिकडे एकोणतीसला नक्की काय होतंय ते कळेपर्यंत कोणाला पाठवायचं नाही म्हणतात."

"म्हणजे टंचाई होणार म्हणून टंचाईचं सामान जाणार नाही."

"तसंच काहीतरी, काका."

शंकररावांनी तो पुडा बॅगेतून काढला आणि स्वतःच्या उशाशी ठेवला. 

दोन दिवसांनी बातमी आली, की ब्रिटनला बारा एप्रिलपर्यंत मुदत मिळाली. बातमी संपायच्या आत मीराचा व्हिडिओ कॉल आला. ती घाबरली होती.

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना? वीणा काकूंच्या आश्लेषाने फोटो पाठवले. तिकडे दुकानं रिकामी झालीत. एका फॅमिलीला एकच पुडा? तुम्ही बर्फात रांगेत उभे आहात?"

"रांगेत नाही. रांगेच्या पुढे."

"दादा काही सांगत नाही. म्हणतो, काळजीचं कारण नाही, डाळ पुरेशी आहे."

शंकररावांनी मुलाकडे बघितलं. बुद्धभूषणने खिडकीकडे.

"ऐका," मीरा म्हणाली, "माझ्या हॉस्पिटलमधली अनया बारा एप्रिलला तिकडे नुवार्कच्या विमानतळावर उतरतेय. तिच्याबरोबर बॅग देतेय. तूरडाळ आहे, मसूर आहे. आणि एक डबा आहे."

"कसला डबा?"

"सुकडी. तुम्ही सांगायचात तशी केलीय. पीठ जरा जास्त भाजलं गेलं. जयंतीला सगळ्यांना वाटा."

 फोन शंकररावांच्या हातात तसाच राहिला आणि मीराला बराच वेळ नुसतं दिवाणखान्याचं छत दिसत होतं.

चौदा एप्रिलला शाळेच्या हॉलमध्ये आंबेडकर जयंती झाली. उरलेल्या तुरीचं वरण सगळ्यांना पुरलं. उशाजवळचा पुडाही त्यातच गेला. शंकररावांनी तो स्वतः आणून दिला. वीणा काकू आल्या होत्या आणि त्यांनी वरण दोनदा घेतलं. अनयाही आली होती, हात हलवत.

"काका, मी पोचले, बॅग नाही पोचली," ती म्हणाली. "एअरलाइनवाले म्हणतात, लंडनहून निघाल्याची नोंद आहे. नंतर कुठे गेली ते शोधतायत."

"डब्याचं झाकण घट्ट होतं का?"

"मीराने टेप लावली होती."

शंकररावांनी मान हलवली. टेप लावली असेल तर भुगा वर्षभर टिकतो. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बुद्धभूषणला गॅरेजमध्ये बोलावलं. जागा झाडून झाली होती. फळी मात्र होती तिथेच होती.

"अरे, त्या ब्रिटनला परत मुदतवाढ मिळाली म्हणे."

"हो बाबा. ऑक्टोबरअखेरपर्यंत."

"मागितली की देतात?"

"देतात."

"मग माझ्या तिकिटाचं बघ. बॅग येईपर्यंत."

बुद्धभूषणने रात्रीच तिकीट पुढे ढकललं. बियाण्याचा विषय कोणी काढला नाही.

शेवटची माहिती मिळाली तेव्हा ब्रिटन युनियनमध्येच होतं आणि शंकरराव पार्सिपनीत. बाहेर पडली होती ती फक्त बॅग, आणि ती कुठे आहे हे कोणाला सांगता येत नव्हतं. विमान कंपनीच्या फोनवर एक बाई रोज सकाळी इंग्रजीत सांगते, की काळजीचं कारण नाही. गॅरेजमधली फळी बॅगेसाठी तशीच ठेवली आहे, म्हणून गाडी अजून बाहेरच उभी असते.