हातभर लांब

हरेश्वरतात्यांशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या आळीशी बोलायचं. त्यांचा फोन दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगलेला. घंटा वाजली की तात्या एका बोटानं स्पीकर लावतात, हातभर मागे सरतात आणि ओरडतात. त्यांची मुलगी उंबरगावहून काय कालवण केलं ते सांगते, तेव्हा इकडे सातपाटीत सहा घरांना भूक लागते.

तात्यांचा जन्म मच्छीमार बोटींवरचे वायरलेस संच दुरुस्त करण्यात गेला. "मास्तर, संच चालू असताना एरियलला आमी हात लावत नाय. आन् तुमी ते कानाला चिकटवून फिरता!"

मी विज्ञान शिकवतो. मोबाइलच्या लहरी फार कमी ताकदीच्या असतात, असं सांगून पाहिलं.

"असतील," तात्या म्हणाले. "तरी हातभर लांब."

बाजारात म्हावरं विकणाऱ्या बायका फोन पोलक्यात ठेवतात. तात्या प्रत्येकीच्या टोपलीपाशी थांबायचे. "काढ तो भायेर!"

"मंग काय पापलेटाच्या पोटात ठेवू, तात्या?"

बायका खदखदून हसायच्या. तात्या मात्र कधी हसले नाहीत. "रेंज नसली का फोन जास्त जोर मारते. तवा तरी कानाला नको लावू," एवढं सांगून पुढच्या टोपलीकडे.

मागच्या महिन्यात मात्र हद्द झाली. माझी बायको अंजली फाटकात उभी राहून बहिणीशी बोलत होती. तासभर झाला असेल. तात्यांनी येऊन तिच्या कानाचा फोन काढला आणि स्पीकर लावला. नेमकी तेव्हाच बहीण रडत सांगत होती, की नवऱ्यानं घराबाहेर काढलंय. आळीनं ऐकलं. अंजली घरात जाऊन रडत बसली.

मी तरातरा तात्यांकडे गेलो. "हे वेड आता पुरे करा!"

तात्या ओट्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या हिराच्या डोक्यात गाठ झालेली, मास्तर."

हिरा म्हणजे त्यांची बायको; मी इथल्या शाळेत बदलून येण्याआधीच ती गेली होती. कशानं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"मी बोटीवर कामाला जायचो. ही धक्क्यावर येऊन फोन लावायची. दर्यात रेंज कुठली? तरी लागेपर्यंत कानाला धरून उभी राहायची. फोन मीच घेऊन दिलेला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"फोनचा संबंध नाय म्हणाले. मी इचारलं, मंग कशानं? म्हणाले, सांगता येत नाय. म्हंजे माझ्यामुळं नाय, असंपन कोणाला सांगता येत नाय ना?"

मला भांडता आलं नाही. ओट्यावर त्यांच्याशेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आमच्या फाटकाशी आले. हातात सुक्या बोंबलांची पुडी. अंजली बाहेर गेली.

"चुकलं माझं, पोरी," ते खाली बघत म्हणाले. "एक इचारू? डोकं तर दुखत नाय ना तुझं?"

"नाही हो, तात्या."

"खरंच नाय?"

"खरंच नाही."

मग त्यांनी पुडी तिच्या हातात दिली.