गळू आणि गुणवत्ता

ज्या दवाखान्यात आपल्याला चिरणार, तो आधी आपण तपासून घ्यावा, असं मी मंगळवारी सकाळी उभ्यानं चहा पिताना ठरवलं. उभ्यानं अशासाठी की चार दिवसांपासून मला बसता येत नव्हतं. गळू झालं होतं. कुठे, ते मला विचारू नका. (खुर्चीला विचारा.)

"तपासायचं काय त्यात?" बायको म्हणाली. "कोपऱ्यावरचाच तर दवाखाना. दोन्ही पोरांच्या लसी तिथेच झाल्या."

"लस वेगळी, शस्त्रक्रिया वेगळी. हत्यारं उकळतात का? औषधांच्या तारखा कोण बघतं?"

"अहो, गळू फोडायला पाच मिनिटं लागतात. सुईची भीती वाटते, एवढंच म्हणा ना."

हे साफ खरं होतं, म्हणून मला राग आला. मी बादल्यांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. बावीस वर्षं झाली, गळकी बादली मी पाणी न भरता ओळखतो. असा माणूस उगाच कुणाच्याही टेबलावर पालथा पडेल होय? मी वहीत सत्तावीस मुद्दे लिहिले आणि निघालो. सत्ताविसावा मुद्दा येईपर्यंत गळू आपलं आपणच फुटेल, अशी एक आशाही होती.

दवाखान्यात बारा खुर्च्या होत्या आणि अकरा माणसं. काउंटरवर नाव लिहिलं आणि रिकाम्या खुर्चीकडे ढुंकूनही न बघता येरझाऱ्या घालायला लागलो. आग विझवायच्या सिलिंडरची तारीख पाहिली. चालू. बेसिनपाशी साबण होता. लसींच्या फ्रिजवर तापमानाचा तक्ता, दिवसातून दोनदा सही. मी जास्तच बेचैन झालो. एवढ्या मोठ्या दवाखान्यात एक दोष सापडू नये?

"काका, बसा ना जरा," सिस्टर म्हणाली. "नंबर आला की सांगते मी."

"उभाच बरा आहे. वापरलेल्या सुया कुठे टाकता?"

तिनं एक जाड झाकणाचा डबा दाखवला. त्यावर तो कधी उघडला त्याची तारीखसुद्धा होती. मी तो मुद्दा चिडून खोडला.

सिस्टर आत गेली आणि दारातून गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल अशा एक बाई आल्या. दवाखान्यांचा दर्जा आणि सुरक्षितता तपासणाऱ्या, खऱ्याखुऱ्या तपासणीस. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. उभा असा मी एकटा, त्यात हातात वही. त्या थेट माझ्याकडेच आल्या.

"फ्रिजचं आजचं तापमान?"

"चार. साडेआठला सही," मी म्हणालो. (मी इथला नाही, हे सांगायला हवं होतं. पण बरोबर उत्तर येत असताना गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.)

मग मी त्यांना साबण दाखवला, सिलिंडर दाखवला, डबा तर उचलून दाखवला. सिस्टर बाहेर आली, आम्हाला बघून तिनं तोंड उघडलं. पण बाई खुशीत मान हलवतायत म्हटल्यावर मिटलं.

"छोट्या शस्त्रक्रियेआधी काय काय विचारता?"

"सगळं विचारतो," मी म्हणालो.

"असं सगळेच सांगतात. मला प्रत्यक्ष पाहायचंय."

"अगदी बरोबर. तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवूच नका. जिवंत माणसावर करून दाखवायला लावा." कारखान्यात मी हेच सांगतो. (बादल्यांबद्दल.)

"मग आता शस्त्रक्रियेसाठी कुणाचा नंबर आहे?"

सिस्टरनं यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "यांचाच," ती म्हणाली.

बाई दोन पावलं मागे सरकल्या. "तुम्ही पेशंट आहात? मग मघापासून उभे का?"

"त्यांना बसता येत नाही," सिस्टरनं खुलासा केला. अकरा माना माझ्याकडे वळल्या.

पळायला वाव होता. मागचं दार मोकळं आहे, हे मीच तपासलं होतं. पण चांगल्या चाललेल्या दवाखान्याच्या फाइलमध्ये 'पेशंट पळाला' असा शेरा माझ्यामुळे पडणार, या विचारानं पाय जड झाले. वही काखेत मारून मी आत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, कुठल्या औषधाचा त्रास होतो का विचारलं. डावं की उजवं, तेही विचारून पेननं खूण केली. संमतीपत्रावर मी जी सही केली ती माझी आहे, हे माझ्या आईलाही पटलं नसतं. तपासणीस बाई पडद्यापलीकडे उभ्या राहिल्या. मी पालथा पडलो. पुढचं मला नीट आठवत नाही.

बाहेर आलो तेव्हा चार दिवसांत पहिल्यांदा बसलो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आता खुर्च्याही बऱ्याच रिकाम्या होत्या. लोकांना धीर नसतो, दुसरं काय.

तीन आठवड्यांनी तपासणीचा अहवाल दवाखान्याच्या भिंतीवर लागला. बायकोनं त्याचा फोटो काढून आणला आणि जेवताना पोरांसमोर वाचायला घेतला.

"'सर्व बाबतींत उत्तम.'"

"मी स्वतः दाखवलंय ते," मी म्हणालो.

"पुढे ऐका. 'एकच सुधारणा आवश्यक. शस्त्रक्रियेच्या खोलीचे दार अधिक जाड असावे. तपासणीच्या वेळी एका पुरुष रुग्णाचे ओरडणे बाहेर ऐकू गेल्याने पाच रुग्ण निघून गेले.'"

"चिरताना माणूस ओरडणारच."

बायकोनं चष्मा सारखा केला.

"'त्या वेळी सदर रुग्णाची जागा केवळ ओल्या कापसाने पुसण्यात येत होती.'"