सोवळ्यातली रायफल

यंदाच्या दसऱ्याला शस्त्रपूजा खऱ्या शस्त्राची होणार, असं एकनाथराव सरदेशमुखांनी मंडळाच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं आणि सगळ्यांच्या माना विष्णू आठल्येकडे वळल्या. विष्णूचा शेजारी वेन हरणांची शिकार करायचा. १९८६ साली ओहायोतल्या डब्लिन गावात रायफलवाला शेजारी मिळणं अवघड नव्हतं, पण त्याच्याशी बोलणारा मराठी माणूस एकच होता.

"मागच्या वर्षी आपण काय पुजलं? टेनिस रॅकेट, कॅल्क्युलेटर आणि मिक्सरचं पातं," एकनाथराव म्हणाले. "क्लीव्हलंडच्या मंडळाचे लोक अजून हसतायत."

"कॅल्क्युलेटरही शस्त्रच आहे," विष्णू म्हणाला. तो रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होता आणि व्याख्यांच्या बाबतीत हळवा होता. "आपलं पोट त्यावरच चालतं."

"मग सीमोल्लंघनाला तोच कमरेला लाव."

विष्णूची खरी अडचण वेगळी होती. दसरा रविवारी होता आणि मंगळवारी त्याचा नागरिकत्वाचा इंटरव्ह्यू. आई सांगलीला एकटी राहत होती. तो नागरिक झाला तर तिला कायमचं इकडे आणता येणार होतं. त्यासाठी त्याने इतकी वर्षं पार्किंगच्या दंडाचं साधं तिकीटसुद्धा अंगाला लागू दिलं नव्हतं. पिवळा सिग्नल लांबून दिसला तरी त्याचा पाय ब्रेकवर जायचा. असा माणूस सार्वजनिक पार्कात बंदूक नेण्याआधी जे करेल तेच त्याने केलं. पोलिसांना फोन केला.

"पब्लिक पार्कात बंदूक नेलेली चालते का?"

पलीकडचा आवाज सावध झाला. "तिचं काय करणार आहात?"

"पूजा."

"कोणाची?"

"बंदुकीचीच. कुंकू लावणार, फुलं वाहणार, ओवाळणार. गोळ्या नसतील."

त्याला थांबायला सांगण्यात आलं. मग एका वडीलधाऱ्या आवाजाने समजावलं की या राज्यात बंदूक उघडपणे नेली तर हरकत नाही, लपवून नेली तर अटक.

"म्हणजे लोकांना दिसली पाहिजे?"

"दिसली पाहिजे."

"किती?"

"बंदूक आहे हे कळण्याइतकी, सर."

विष्णूने यावर बराच विचार केला. जी वस्तू बघून लोकांनी घाबरायचं, ती सतत त्यांच्या नजरेसमोर ठेवली की कोणी घाबरत नाही, असा कायद्याचा हिशोब दिसत होता. प्रयोग म्हणून तो वाईट नव्हता. रायफल पूजेला हवी हे ऐकून वेनला तर भरून आलं. "शेवटी एक शहाणा धर्म भेटला," असं म्हणत त्याने रायफल रिकामी असल्याचं विष्णूला उघडून दाखवलं आणि विश्वासाने हातात दिली.

रविवारी विष्णूने ती पार्किंगपासून पिकनिकच्या छपरीपर्यंत, बारशाला बाळ आणावं तशी, दोन्ही हातांवर आडवी धरून आणली. पळत जाणारा एक गृहस्थ "छान रायफल आहे" म्हणाला आणि पळत राहिला. मुलीला झोका देणाऱ्या बापाने मान डोलावली. एकही अमेरिकन दचकला नाही. दचकली ती फक्त मराठी माणसं.

"विष्णू, नळी तिकडं कर यार, इकडं श्रीखंड आहे," कोणीतरी ओरडलं.

संघमित्रा मेश्राम बाकावर पाय हलवत बसली होती. नागपूरची, कोलंबसला लॉ शिकणारी. जेवण चांगलं असतं म्हणून ती मंडळात येई आणि तसं सांगूनही टाकी. "आमच्याकडे म्हणतात, याच दिवशी सम्राट अशोकानं शस्त्र खाली ठेवलं," ती म्हणाली. "तुम्ही शेजाऱ्याकडून मागून आणलंत. प्रोग्रेस आहे."

पूजा सुमित्रामावशींच्या हाती होती. मंडळात भटजी नव्हता, आणि असता तरी मावशींनी त्याला ऐकवलंच असतं. त्यांनी पाटावर रायफल मांडली, दस्त्याला कुंकू लावलं आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"मावशी, पाणी नको. गंजेल. परत द्यायचीय."

"बरं, शिंपडते नुसतं." त्यांनी झेंडूच्या माळा घातल्या. मग पिशवीतून जांभळा रेशमी शेला काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत पांघरला.

विष्णू पुढे झाला. "मावशी, झाकू नका."

"का रे?"

"कायद्यानं उघडी पाहिजे."

"देवीला चारचौघांत उघडं ठेवतात? आणि हात लावू नकोस, सोवळ्यात आहे ती आता. आरती होईपर्यंत कोणी शिवायचं नाही."

विष्णूने शेल्याचं टोक चिमटीत धरून उचललं. मावशींनी ते पुन्हा खाली केलं. त्याने दुसरं टोक उचललं.

"डॅड, यू आर मेकिंग इट वीअर्ड," त्याची मुलगी दीपा म्हणाली. ती पंधरा वर्षांची होती आणि आईवडिलांशी फक्त इंग्रजीत असहमत होत असे.

निरांजन लागलं. बायकांनी हळू आवाजात आरती सुरू केली. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईने लांबून जे पाहिलं ते असं: रेशमी कापडाखाली लहान मुलाएवढा लांबट आकार, वर फुलांचा ढीग, उशाशी दिवा, हात जोडून उभी असलेली माणसं, आणि त्यांच्यातला एकजण रडवेला होऊन पुन्हा पुन्हा कापड उचलून आत बघतोय. उघड्या बंदुकीमुळे पार्कात कोणी फोनकडे धावलं नव्हतं. ती बाई धावली.

पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. पुढच्या अधिकाऱ्याने टोपी काढून हातात घेतली आणि दबल्या आवाजात विचारलं, "हे कोणाचं आहे?"

अध्यक्ष या नात्याने एकनाथराव पुढे झाले. "शेजाऱ्याचं. आजच्यापुरतं मागून आणलंय, संध्याकाळी परत देणार."

अधिकाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. विष्णूने सोवळं वगैरे विसरून शेला ओढला. अधिकाऱ्याने पाहिलं, डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला.

"बंदूक आहे. थँक गॉड."

मागचे पोलीसही सैलावले. एकाने तर हसून विष्णूच्या पाठीवर थाप मारली. मग अधिकाऱ्याला आपली नोकरी आठवली.

"पण ही झाकलेली होती," तो म्हणाला.

 विष्णूला सांगलीचं घर दिसलं, पायरीवर पोस्टमनची वाट बघत बसलेली आई दिसली.

संघमित्रा बाकावरून उठली. "ऑफिसर, अंगावर लपवलेली किंवा लपवून हाताशी ठेवलेली असेल तर गुन्हा. बरोबर? अंगावर तर नव्हती."

"हाताशी होती. हा माणूस तिथंच उभा आहे."

"हाताशी म्हणजे हवी तेव्हा उचलता येईल अशी. ही आरती होईपर्यंत कोणालाच उचलता येत नाही. तुम्ही ट्राय करा."

तो वाकला.

"आधी हात धू," सुमित्रामावशी मराठीत म्हणाल्या. "आणि बूट काढ."

"शी सेज वॉश युअर हँड्स," दीपा म्हणाली. "अँड नो शूज."

अधिकारी थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मावशींच्या चेहऱ्याकडे पाहून तो सरळ झाला आणि त्याने हात खिशात घातला.

"बघितलंत?" संघमित्रा म्हणाली. "पोलिसाच्यासुद्धा हाताशी नाही."

ती परत बाकावर येऊन बसली. विष्णू आभार मानायला आला तर म्हणाली, "या सोवळ्यापायी माझ्या आजोबांना विहिरीवर चढू देत नव्हते, विष्णूदादा. चला, शेवटी कोणाच्या तरी कामाला आलं." मावशी नैवेद्याचं ताट उगाच पुसत राहिल्या.

रायफल पूर्णपणे कायदेशीर ठरली. अधिकारी निघाला, आणि जाता जाता थबकला.

"ही आग कसली?"

"निरांजन आहे," एकनाथराव म्हणाले. "साजूक तुपाचं."

"पार्कात शेगडीबाहेर आग पेटवायला बंदी आहे. जागा कोणाच्या नावावर बुक केलीय?"

सगळ्यांच्या माना पुन्हा विष्णूकडे वळल्या. विष्णू आठल्येला आयुष्यातलं पहिलं तिकीट मिळालं. अधिकाऱ्याने फुंकर मारायला गाल फुगवले तेव्हा मावशी म्हणाल्या, "फुंकून नाही विझवायचं." त्याला भाषा कळली नाही, पण त्याने गाल रिकामे केले.

मंगळवारी इमिग्रेशनच्या ऑफिसात विष्णूला विचारण्यात आलं की त्याने कधी कुठला नियम मोडलाय का. त्याने सगळं सांगितलं. अर्धं सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"दिवा?" समोरची बाई म्हणाली. "पार्कात?" तिने नापसंतीने मान हलवली.

"छोटा होता. शेजारी बंदूक होती."

"ते ठीक आहे," ती वर न बघता म्हणाली. "पुन्हा आगीशी खेळू नका, मिस्टर आठल्ये. अभिनंदन."

त्याने घरी येऊन सांगलीला फोन लावला. लाइन खराब होती, म्हणून सगळी हकिकत ओरडून सांगावी लागली. आईने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे बंदूक चालते," शेवटी ती म्हणाली.

"चालते."

"आणि दिवा लावला की पोलीस येतात."

"पार्कात, आई. घरात नाही येत."

"तुझं काय सांगावं. मी येईन बाबा, तू बोलावलंस तर येईनच. पण समई आणू का नको? का तिकडं तिन्हीसांजेला देवापुढं बंदूकच ठेवता?"

विष्णूने खिडकीतून बाहेर पाहिलं. वेन अंगणात बसून रायफलवरचं कुंकू पुसत होता. रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली. वेनने हात केला, त्यांनीही केला.

"समई आण," विष्णू आवाज खाली आणत म्हणाला. "पण बॅगेत तळाशी ठेव, वर चार साड्या घाल. कोणाला दिसू देऊ नको."