सावकाश श्वास घ्या!

स्वतःवर माया कशी करावी, हे दादरच्या हिंदमाताच्या आसपास सलोनीइतकं कुणालाच कळत नव्हतं. मानसशास्त्राच्या एम.ए.साठी तिने त्यावर प्रबंधच लिहायला घेतला होता. त्यापायी झोप उडाली होती, जेवण उभ्याने चाललं होतं आणि आईने "बरी आहेस ना गं?" एवढं विचारलं तरी ती अंगावर धावून जायची. पण ते शास्त्रासाठी!

प्रबंधाचा प्राण म्हणजे एक ऑडिओ. अभ्यासाने पिचलेल्या मुलांनी, डोळस काय नि अंध काय, तो ऐकायचा आणि ताजंतवानं व्हायचं. रस्त्यावरचे हॉर्न नकोत म्हणून सलोनीने आईच्या साड्यांच्या कपाटात डोकं खुपसून तो स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केला होता. "सावकाश श्वास घ्या... सोडा... घाई कसलीच नाही..."

आता ऐकणाऱ्या मुलांपैकी राहिला होता एकटा गॅव्हिन. त्याचा निकाल संध्याकाळच्या आत प्रबंधाच्या मार्गदर्शक मृणालिनी मॅडमच्या हातात पडला नाही, तर सलोनीचं वर्ष बुडालंच!

गिरगावातल्या खोताच्या वाडीत गॅव्हिनच्या आईने, बेट्टी आंटीने दार उघडलं. "ये गो बाय. अगो, केवढी सुकलीस!"

गॅव्हिन जन्मापासून अंध. इतिहासाची जाडजूड पुस्तकं त्याला फोन वाचून दाखवायचा, तेही अशा वेगाने की दुसऱ्याला वाटावं, फोडणीत मोहरी तडतडतेय. त्याने प्रश्नावली भरली. गडी पुरता थकलेला आहे, हे सिद्ध झालं. सलोनी खूश! मग त्याने हेडफोन लावला आणि सवयीने वेग होता तोच ठेवला.

आणि ऐकलं तसं तो इमानदारीत करू लागला. घ्या-सोडा-घ्या-सोडा-घ्या! नाक लोहाराच्या भात्यासारखं, चेहरा टोमॅटो!

"जेजू! काय केलंस गो माझ्या पोराला?" आंटी लाटण्यासकट धावली.

"मी... मी त्याला शांत करत होते!" म्हणत सलोनीने भोकाड पसरलं.

गॅव्हिनने हेडफोन काढला. "कोण रडतंय? मी ओके आहे यार, जरा गरगरलं. संपला पण तुझा ऑडिओ."

"अर्ध्या तासाचा होता रे तो!"

"च्यायला, स्पीड कमी करायचा राहिला! थांब, तूच ऐक." त्याने वेग उतरवून हेडफोन तिच्या कानांवर चढवला.

सलोनीने हुंदके देत थोडंसं ऐकलं. "किती रेंगाळत बोलते ही बाई! पुढे ढकल ना जरा, मला निघायचंय!"

गॅव्हिन हसता हसता सोफ्यावरून खाली आला. आंटीचा चहा पोटात गेल्यावर त्याने प्रश्नावली पुन्हा भरली. थकवा निम्म्यावर!

"ऑडिओने?" सलोनीचे डोळे लकाकले.

"ऑडिओने कसला! तू रडलीस ना, त्याने. म्हटलं, चला, आपण एकटेच नाही."

निकाल मॅडमकडे वेळेत पोचला. प्रबंधात सगळं श्रेय ऑडिओला आहे.